थ्रोट ईटिंग लाँग

लोकांच्या ओकाऱ्या, रक्ताचे डाग, पार्टीनंतरचे चिकट टेबलक्लॉथ, कुणाच्या तान्ह्या बाळाची घाण आणि कुणाच्या म्हाताऱ्या बापाची, हे सगळं मामाने आयुष्यभर हाताने उचललं आणि हात धुऊन त्याच हाताने डबाही खाल्ला. घाणीची तिला कधी किळस आली नाही. गरम पाणी आणि सोडा मिळाला की घाण जाते, असा तिचा साधा हिशेब होता. तिला शिसारी आली ती एका आवाजाची, आणि तो आवाज तिच्या पोटच्या पोरीचा होता.

मामा हे काही तिचं नाव नव्हे. परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि तिथे ती मुकादमीण होती. हाताखालची माणसं नाना देशांची. एकाची भाषा दुसऱ्याला कळेल तर शपथ. त्यांच्यात वयाने हीच मोठी, म्हणून त्यांच्याकडे आईला म्हणतात तसं ते तिला 'मामा' म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला एकदम मिशा फुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन तिने लेकीला सांगितलं, तर लेक हसून हसून आडवी झाली. "आई म्हणून छळतेसच," ती म्हणाली, "आता मामा म्हणूनही छळ."

तळघरातली ही सगळी मंडळी आपसांत इंग्रजी बोलत. म्हणजे त्यांच्या मते ती इंग्रजीच होती. तिथे चार ड्रायर सतत घरघरत असत आणि इस्त्रीचा अजस्र रूळ वाफ सोडत असे. त्या गदारोळात लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात हरवायची. ज्याला व्याकरणाची हौस असेल त्याने तिथे उभं राहून ती भागवून दाखवावी. म्हणून शब्द थोडे, आखूड आणि ठोसर ठेवलेले. समजलं का, असं विचारायचं तर 'कॅच?' आणि समजलं असेल तर 'कॅच.' एखादी गोष्ट आधीच झाली असेल तर क्रियापदाच्या आधी 'फिनिश' लावायचं. 'आय फिनिश वॉश' म्हणजे माझं धुऊन झालंय, 'आय फिनिश ईट' म्हणजे माझं जेवण उरकलंय, मला आता बिस्किटं दाखवू नकोस.

आणि थ्रोट. सहा मजल्यांवरचे मळके कपडे ज्या पत्र्याच्या उभ्या बोगद्यातून खाली येत, त्याला सगळे थ्रोट म्हणत, म्हणजे घसा. त्याचं खरं नाव काय हे कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. कपडे वरून टाकणं म्हणजे 'फीड.' महिन्या-दोन महिन्यांतून एखादी जाड रजई मध्ये अडकायची आणि घसा तुंबायचा. मग खालचं दार उघडून कुणीतरी डोकं, खांदे आत घालून आकडीने ती ओढून काढायची. हे काम सगळ्यांत उंच माणसाचं. त्याला सगळे 'लाँग' म्हणत. लाँग आत शिरला की 'थ्रोट ईटिंग लाँग.' घसा लाँगला खातोय.

अशा वेळी मामाने रिसेप्शनला फोन करायचा आणि म्हणायचं, "थ्रोट ईटिंग लाँग, नो फीड." रिसेप्शनवर एक बटण होतं. ते दाबलं की प्रत्येक मजल्यावर घशाच्या झाकणाशी लाल दिवा लागे आणि खोल्या आवरणाऱ्या बायका कपडे टाकायच्या थांबत. रिसेप्शनवरची जुनी बाई फोनमध्ये "कॅच" म्हणायची आणि फोन ठेवायची. वर पाहुण्यांशी ती मधाळ बोलायची, पण खालच्या फोनवर 'कॅच.' एका तोंडात दोन्ही सुखाने नांदत होते.

तशा मामाच्या तोंडातही दोनतीन इंग्रज्या होत्याच, उगाच खोटं कशाला बोला. डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करायची तेव्हा तिचा आवाज बारीक होई आणि दर दोन शब्दांमागे 'प्लीज' येई. बसड्रायव्हरशी ती गुरगुरत बोले. लॉन्ड्रीत नवीन कुणी आलं, की त्याच्या इंग्रजीला शेंडा ना बुडखा म्हणून सगळ्यांत आधी हीच तोंडाला पदर लावून हसायची, आणि मग त्याच्याशी बोलताना गरज नसताना आपली भाषा आणखी मोडून, मोठ्याने ओरडून बोलायची, जसं काही तो बहिराच आहे. माणूस कुठे उभा आहे त्यावर त्याची जीभ ठरते, एवढं तिला न शिकता कळत होतं. यात काही लाज वाटण्यासारखं आहे हे तिला उच्चारमास्तर येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

लेकीला लहानपणापासून साळुंकी म्हणत, कारण ती कुणाचीही नक्कल हुबेहूब करायची. साळूने त्याच लॉन्ड्रीत चार वर्षं चादरी घड्या केल्या. लाँगनेच तिला रूळ चालवायला शिकवला, ती त्याला 'ब्रदर' म्हणे. मग जुनी बाई निवृत्त झाली आणि मॅनेजरने साळूला वर बोलावलं, तीन महिने चाचणीवर. मामाला आकाश ठेंगणं झालं. तिने लेकीला दोन नवे ब्लाउज घेतले आणि लॉन्ड्रीत सगळ्यांना इतकं सांगितलं की लाँग शेवटी म्हणाला, "मामा, आय फिनिश कॅच. ऑल डे आय फिनिश कॅच."

उच्चारमास्तर आले ते याच सुमाराला. हॉटेलने त्यांना नेमलं होतं ते एकाच कामासाठी: इमारतीत वर, खाली सगळीकडे एकच इंग्रजी चालली पाहिजे. गोरेगोमटे, पातळ ओठांचे, कोटाच्या खिशात रुमालाची टोकदार घडी. लॉन्ड्रीत आले तेव्हा वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला आणि त्यांनी तो पुसायला जी चादर उचलली ती नेमकी न धुतलेली होती. मामाने बघितलं, पण बोलली नाही. त्या दिवसातला तेवढाच आनंद होता.

त्यांनी ड्रायर बंद करायला लावले आणि सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांच्याकडून इंग्रजी शब्द म्हणवून घेतले. ओठ असे, जीभ अशी. लाँगच्या तोंडापुढे त्यांनी छोटा आरसा धरला. सहा फुटांहून उंच बाप्या, घरी त्याला दोन मुलं, आणि तो आरशात बघून माकडासारखे ओठ काढत होता. मास्तर शांतपणे म्हणत होते, पुन्हा. पुन्हा. मामाने तोंड फिरवलं. मास्तरांच्या मते खालच्या इंग्रजीला भाषा म्हणता येणार नव्हतं, ती एक सवय होती, नखं खाण्यासारखी.

मग त्यांनी नियम केला. आतल्या फोनवर कुणी अशुद्ध बोललं तर उत्तर द्यायचं नाही, कामही करायचं नाही. फक्त एक वाक्य म्हणायचं: "आय ॲम सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" समोरचा नीट बोलेपर्यंत तेच. आणि म्हणताना हसायचं, कारण हसू फोनवरून ऐकू येतं.

साळू ते वाक्य घरी आरशासमोर म्हणायची. भांडी घासताना म्हणायची. 'सॉरी'वर सूर खाली, 'अगेन'वर वर, 'प्लीज'वर पुन्हा हळूच खाली, पायरी उतरल्यासारखा. मामाला ते ऐकून ऐकून पाठ झालं.

"चाचणी संपेपर्यंत एक करशील का आई?" साळू एकदा म्हणाली. "फोनवर माझ्याशी मराठी बोलू नकोस. मास्तर शेजारी बसतात. दुसरा इयरफोन त्यांच्या कानाला असतो."

"आणि खालचं बोलले तर?"

"खालचंही नको. नीट बोल ना. तुला येतं. डॉक्टरशी बोलतेस तसं."

"डॉक्टरला मी पोटात दुखतंय एवढंच सांगते," मामा म्हणाली. पण कबूल झाली. पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता.

एकदा मामा जरा वारा खायला मागच्या दाराशी, कचऱ्याच्या पिंपांपाशी गेली, तर मास्तर पाठमोरे उभे राहून मोबाइलवर बोलत होते. आवाज त्यांचा, पण बोली भलतीच. पसरट, नाकातली, शब्दांची शेपटं खाणारी, शेताच्या बांधावरून हाक मारावी तशी. पलीकडे त्यांची आई होती. तिचा गुडघा, गळणारं छप्पर, शेजाऱ्याचा कुत्रा. मास्तरांची वरची इंग्रजी मामाला अर्धी कळायची, ही मात्र शब्द न शब्द कळली. तिला क्षणभर तो माणूस बरा वाटला. तेवढ्यात त्यांनी वळून तिला पाहिलं आणि चालू वाक्याच्या मध्येच त्यांच्या आवाजाने कोट चढवला. पुढची वाक्यं ते आपल्या आईशी असे बोलले की जणू ती कुणी गिऱ्हाईक आहे. पलीकडे म्हातारी गप्प झाली असावी, कारण मास्तर दोनदा "हॅलो" म्हणाले. मामाला त्यांच्या गावच्या बोलीचं काही वाटलं नाही, त्या कोटाची मात्र किळस आली. ती पिंपापाशी थुंकली आणि आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, नियम झाल्यापासून पहिल्यांदाच, सकाळी घसा तुंबला. वर मोठी परिषद संपली होती, सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या होत होत्या आणि कपड्यांचा नुसता पूर येत होता. लाँगने आकडी घेतली. मामाने फोन उचलला. तिच्या तोंडून जे सवयीने निघायचं तेच निघालं.

"थ्रोट ईटिंग लाँग, नो फीड."

लाँगने तिला फोनवर बोलताना पाहिलं आणि तो आत शिरला. नेहमी असंच चालायचं. इतक्या वर्षांत वरून 'कॅच' आलं नाही असं कधी झालंच नव्हतं. मामानेही त्याला थांबवलं नाही. वर आपलीच पोरगी आहे, मग थांबवायचं कशाला?

"आय ॲम सॉरी," फोनमधून आवाज आला, "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?"

मामाला वाटलं भलतीकडेच फोन लागला. मग ओळख पटली. सूर खाली, सूर वर, पायरी उतरलेला 'प्लीज'. त्यात हसूही होतं, मास्तर म्हणाले होते तसं स्वच्छ ऐकू येणारं. मामाने घशाकडे पाहिलं. लाँगची कंबर आणि पाय तेवढे बाहेर होते. तिने नीट बोलायचा प्रयत्न केला. पण त्या बोगद्याला वरच्या इंग्रजीत काय म्हणतात? तिला माहीतच नव्हतं. तोंड उघडलं की थ्रोटच येत होतं.

"थ्रोट," ती ओरडली, "ईटिंग लाँग. लाँग! नो फीड, प्लीज, प्लीज नो फीड."

"आय ॲम सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?"

मग मामाने वचन, चाचणी सगळं खुंटीला टांगलं. "अगं बये," ती मराठीत म्हणाली, आणि तेवढंच म्हणाली. पाचव्या मजल्यावरून पोहण्याच्या तलावावरचे ओले टॉवेल भरलेलं गाठोडं आलं. त्याचा आवाज मोठाही नव्हता. लाँगचे पाय एकदा जमिनीवर घासले आणि मग तो गुडघ्यांवर बसला, डोकं अजून आतच.

खांद्याचं हाड मोडलं आणि मानेची शीर दुखावली. जीव वाचला, एवढंच म्हणायचं. डॉक्टर म्हणाले हात खांद्याच्या वर जाईल असं दिसत नाही. उंच माणसाचा हात वर जाणार नसेल तर त्याची उंची काय चाटायची आहे?

संध्याकाळी साळू घरी आली ती सरळ न्हाणीघरात गेली. बाहेर आली तेव्हा मामा खुर्चीत बसून होती. गॅस पेटवलेला नव्हता.

"तुला कळलं होतं का नाही?" मामाने विचारलं.

"लाइन नीट नव्हती."

"लाइनीचं मी विचारलं नाही."

साळूने टॉवेल घडी केला, लॉन्ड्रीतली घडी, तीन पदरी. "मास्तर शेजारी होते आई. त्यांनी माझा हात असा बटणावरून बाजूला केला. म्हणाले, आधी वाक्य. मला वाटलं दुसऱ्यांदा तरी तू नीट बोलशील."

"म्हणजे कळलं होतं."

"तुला एक वाक्य नीट बोलता येत नाही इतक्या वर्षांत. एक. मी काय काय करायचं?"

मामाने लेकीकडे पाहिलं. नवीन ब्लाउज, कानात छोटे मोती.  जिने मळ पाहून कधी नाक मुरडलं नाही, तिला आपल्या धुतल्या-पुसल्या लेकीकडे बघवत नव्हतं.

"उद्या चौकशी आहे," मामा म्हणाली. "काय सांगणार आहेस?"

"काय सांगू? कळलं होतं म्हटलं तर मला काढतील."

"आणि नाही म्हटलंस तर लाँगला काढतील. निरोप पोहोचलाच नाही, मग आत शिरला कुणाला विचारून, असं म्हणतील. त्याचा हात गेला, वर नोकरी."

 साळूने गॅस पेटवला, दोघींसाठी काहीतरी शिजवलं आणि एकटीच जेवली.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. जाड गालिचा, काचेचं टेबल, त्यावर गोळ्यांची बशी. लाँग गळ्यात हात बांधून बसला होता, त्या खुर्चीत त्याचे गुडघे छातीशी आले होते. मास्तर तज्ज्ञ म्हणून आलेले. साळूला दुभाषी म्हणून मामाच्या शेजारी उभं केलं होतं. आईची साक्ष लेकीने समजावून सांगायची, आणि लेकीचीही साक्ष तिथेच व्हायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मॅनेजरला वाटलं ही चांगली सोय आहे.

मॅनेजर मालकांशी फोनवर बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज कसा पाघळतो हे अख्ख्या हॉटेलला ठाऊक होतं. आज तो चांगला वाळलेला होता. नियम स्पष्ट आहे, ते म्हणाले. रिसेप्शनने होकार दिल्याशिवाय आत शिरायचं नाही. होकार दिला गेला नाही. का दिला गेला नाही, एवढाच प्रश्न आहे. निरोप कळण्यासारखा होता का?

मास्तरांनी बोटं जुळवली. आपण स्वतः ऐकलं, ते म्हणाले. कुणीतरी फार वेळ खातंय, घशाचं काहीतरी आहे, आणि खायला देऊ नका, असं बोलणं होतं. आपल्याला वाटलं स्वयंपाकघरातून एखाद्या पाहुण्याची तक्रार आली आहे. इंग्रजी जाणणाऱ्या कुणालाही त्यातून दुसरा अर्थ काढता येणार नाही.

"तुला कळलं?" मॅनेजरने साळूला विचारलं.

"नो, सर," साळू म्हणाली. फार छान म्हणाली. मास्तरांनी मान हलवली.

लाँग जमिनीकडे बघत होता. गालिच्यावरच्या फुलांच्या नक्षीत त्याच्या बुटाचं टोक रुतलं होतं. मामाला कळलं की हे आता इथेच संपणार, आणि उद्यापासून लाँगच्या जागी दुसरा कुणी उंच माणूस येणार.

"आईंना काही सांगायचं आहे का ते विचार," मॅनेजर म्हणाले.

मामाने रात्रभर ठरवलं होतं. ती मराठीतच बोलली, हळू, एकेक शब्द घडी करून ठेवल्यासारखा. "साळू, यांना सांग. माझ्या पोरीला पहिल्यांदाच कळलं होतं. बटण तिच्या हाताशी होतं. मी बोलले तस्सं सांग. त्यात तुझं मीठमसाला नको."

साळूने आईकडे पाहिलं.  मग तिने चेहरा मॅनेजरकडे वळवला आणि तो चेहरा हसरा झाला.

"शी सेज शी इज व्हेरी सॉरी," साळू म्हणाली.

सॉरी हा शब्द लॉन्ड्रीतल्या मांजरालाही कळला असता. मॅनेजरने समजूतदारपणे डोळे मिटले. मास्तरांनी रुमाल नीट केला. लाँगने मान वर करून मामाकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत रागही नव्हता, फक्त थकवा. मामाला जगात असेल नसेल तेवढ्या घाणीचा वास एकदम आला. इतके दिवस तळघरातली माणसं तिला प्रेमाने मामा म्हणत होती, आज पोटच्या पोरीने तिला खरोखरच मामा बनवलं होतं.

तिने लेकीकडे तोंड केलं. पाठ ताठ केली, ओठांवर हसू आणलं.

"आय ॲम सॉरी," मामा म्हणाली, "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?"

सूर खाली, सूर वर, पायरी उतरलेला 'प्लीज'. खोट काढायला जागा नव्हती. मास्तर चक्क खुर्चीतून पुढे सरकले. "बघा," ते मॅनेजरला म्हणाले, "मनावर घेतलं तर यांनाही येतं. हेच मी सांगत होतो." त्यांना मनापासून आनंद झाला होता. तो आनंद बघवत नव्हता.

साळूचा चेहरा उतरला. पण तिने पुन्हा सांगितलं. न समजणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं हे मास्तरांनी शिकवलं होतं तसं, हळू आणि सुटं सुटं. "शी. इज. व्हेरी. सॉरी."

"आय ॲम सॉरी," मामा म्हणाली. हसू तसंच, आवाजाची पट्टी तीच. "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?"

 मास्तर आता हसत नव्हते.  साळूला वरची इंग्रजी सापडेना. ती मॅनेजरकडे बघेना, आईकडेही बघेना. शेवटी ती वळली ती लाँगकडे, आणि त्याच्याशी बोलायला तिच्यापाशी एकच भाषा होती, त्यानेच शिकवलेली.

"आय फिनिश कॅच, ब्रदर," ती म्हणाली. "वन टाइम. आय फिनिश कॅच."

आवाज घोगरा होता, ड्रायरशेजारचा. मामाने तो आवाज तीन महिन्यांत ऐकला नव्हता.

लाँगने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने न बांधलेला हात गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "कॅच."

"काय म्हणाली ती?" मॅनेजरने मास्तरांना विचारलं. मास्तरांनी खांदे उडवले. लाँग पुन्हा गालिच्याकडे बघायला लागला होता. मग मॅनेजर मामाकडे वळले. आवाज चढवून, बोट दाखवून, आपली इंग्रजी पार मोडून बोलले, "यू. मामा. व्हॉट शी से?"

आता दुभाषी मामा होती. लेकीने जे सांगितलं ते या खोलीत फक्त लेकीला, लाँगला आणि तिलाच कळलं होतं. साळू खाली मान घालून उभी होती, कानातले मोती थरथरत होते. पाच वर्षांची असताना पडली की अशीच उभी राहायची. मामाने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की 'सॉरी' तिच्याही जिभेच्या टोकावर आलेला आहे. शी सेज सॉरी. ब्रदरला सॉरी म्हणतेय, एवढंच. कुणाला कळणार होतं? तो शब्द इतका गुळगुळीत, इतका तयार होता की तो जिभेवर कधी येऊन बसला हे तिला कळलंही नाही. तिला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. तिने तो शब्द आवंढ्यासारखा गिळला. तो खाली जाताना कडू लागला.

"शी अंडरस्टँड," मामा म्हणाली. "फर्स्ट टाइम, शी अंडरस्टँड."

"अंडरस्टुड," मास्तर म्हणाले.